गेमिंग ग्रुपसाठी व्हॉइस चॅट: सर्व्हर उघडण्यापासून स्क्रिमच्या (सरावाच्या मॅचच्या) रात्रीपर्यंत

मोबाइलवरच्या बीजीएमआय गेमचा चौघांचा स्क्वॉड असो की पीसीवरच्या व्हॅलोरंटची पाच जणांची टीम, माणसं तेवढीच असली तर गेममधला स्वतःचा व्हॉइस चॅट पुरतो. ग्रुप वीस-पंचवीस जणांवर गेला की गाडी अडते. एक टीम मॅचमध्ये, दुसरी लॉबीत ताटकळलेली, तिघं नुसतेच गप्पा हाणायला आलेले, आणि कोण कुठे आहे हे विचारायला व्हॉट्सॲपवर मेसेजांचा पाऊस. व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल इथे कामाचा नाही. त्यात सगळे एकाच कॉलमध्ये कोंबले जातात आणि मॅचमधल्या टीमच्या कानात शेजारच्यांचं जेवणाचं बोलणं पडतं. वेगवेगळ्या खोल्या हव्यात, कोण कुठल्या खोलीत आहे ते न विचारता दिसायला हवं, आणि एका बटणात खोली बदलता यायला हवी.

हे सगळं फुकटात उभं करता येतं. सर्व्हर, म्हणजे ग्रुपची ऑनलाइन जागा, पाच मिनिटांत उघडतो. खरा वेळ जातो तो परवानग्या आणि माइक यांच्यात, म्हणून या लेखातही तिथेच जास्त थांबलो आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात ठेवा: जवळजवळ प्रत्येक सेटिंग ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी लावायची असते. बोलणाऱ्याला स्वतःचा पंखा ऐकू येत नाही. तो ऐकू येतो बाकीच्या चौघांना.

ॲप कोणतं घ्यायचं

सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ चालायचं त्या काळात व्हेंट्रिलो, टीमस्पीक आणि मंबल ही नावं होती. कुणीतरी सर्व्हर भाड्याने घ्यायचा किंवा स्वतःच्या मशीनवर चालवायचा आणि आयपी पत्ता सगळ्यांना वाटायचा. २०१५ च्या मे महिन्यात डिस्कॉर्ड आलं आणि ही कटकट संपली. सर्व्हर त्यांचा, ॲप फुकट, मोबाइलवरही चालतं, आणि तुमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांचं खातं आधीच असतं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. कितीही चांगलं ॲप निवडा, अर्ध्या लोकांनी ते उतरवलंच नाही तर उपयोग शून्य.

म्हणून पुढचं बरंचसं डिस्कॉर्डबद्दल आहे. स्वतःचा सर्व्हर चालवायची हौस किंवा खरी गरज असणाऱ्यांसाठी शेवटी मंबलबद्दल लिहिलंय. डिस्कॉर्डवर खातं काढायला भारतात किमान वय १३ आहे. ग्रुपमध्ये शाळकरी मुलं असतील तर हे आधीच बघून घ्या.

सर्व्हर उघडणं

यात फार काही नाही. डाव्या पट्टीतलं अधिकचं चिन्ह दाबा, 'क्रिएट माय ओन' निवडा, नाव द्या, चित्र टाका. तयार साचे दिसतील, ते सोडून द्या. त्यांतले निम्मे चॅनल (खोल्या) नंतर पुसावे लागतात.

मात्र कुणालाही बोलावण्याआधी तीन गोष्टी करा. स्वतःच्या खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड) लावा, कारण मालकाचं खातं गेलं की सर्व्हर गेला. त्यानंतर सर्व्हर सेटिंग्जमध्ये मॉडरेटरांनाही (शिस्त राखणाऱ्यांनाही) टू-फॅक्टर सक्तीचं करा. आणि व्हेरिफिकेशन लेव्हल 'मीडियम' ठेवा, म्हणजे पाच मिनिटांपूर्वी काढलेल्या खात्यावरून कुणी येऊन लगेच धुमाकूळ घालू शकत नाही.

आमंत्रणाची लिंक मुळात सात दिवस चालते. बरेच जण ती 'नेव्हर एक्स्पायर' करून इन्स्टाच्या बायोमध्ये चिकटवतात आणि मग कोण कुठून आलं याचा पत्ता लागत नाही. ओळखीच्यांचा ग्रुप असेल तर मुदत आणि वापराची संख्या दोन्ही मर्यादित ठेवा. हवी तेव्हा नवी लिंक काढता येते.

चॅनल नंतर, रोल आधी

सगळे आधी चॅनल बनवतात आणि मग प्रत्येक चॅनलवर एकेका माणसाला परवानगी देत बसतात. महिनाभरात कुणाला काय दिलंय हे कुणालाच आठवत नाही. परवानगी माणसाला द्यायचीच नाही. ती रोलला (हुद्द्याला) द्यायची आणि रोल माणसाला. चार रोल पुरे, स्क्रिमच्या टीमला हवा तर वर एक वेगळा.

एव्हरीवन हा मुळातच असतो आणि काढता येत नाही. याला पाहुणा समजा. नव्याने आलेला माणूस फक्त नियम वाचू शकेल आणि एका लॉबीत बसू शकेल, एवढंच याच्याकडे ठेवा. यातली परवानगी सगळ्यांनाच लागू होते, म्हणून इथे हात आखडता घ्या.

मेंबर म्हणजे ओळख पटलेला माणूस. सगळ्या सामान्य खोल्या याला उघड्या.

कॅप्टन म्हणजे टीम चालवणारे. यांना 'मूव्ह मेंबर्स' आणि 'प्रायोरिटी स्पीकर' द्या. मूव्ह मेंबर्समुळे लॉबीतल्या माणसाला उचलून आपल्या खोलीत आणता येतं. "ये रे इकडे", "कुठली खोली?", "दोन नंबर", "दिसत नाहीये" हे सगळं वाचतं.

मॉड, म्हणजे मॉडरेटर, दोघं किंवा तिघं. 'म्यूट मेंबर्स', 'डेफन मेंबर्स' (ऐकू येणं बंद करणं), 'किक' (सर्व्हरबाहेर काढणं) आणि 'टाइमआउट' (काही वेळ गप्प बसवणं) एवढं त्यांच्याकडे.

यात 'ॲडमिनिस्ट्रेटर' कुठेच नाही, आणि तो कुणालाच देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ती एक परवानगी बाकीच्या सगळ्या परवानग्यांना आणि चॅनलवरच्या बंधनांना ओलांडून जाते. बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, तर अजिबात नको. गाणी वाजवणाऱ्या बॉटला ॲडमिनिस्ट्रेटर कशाला लागतो हा प्रश्न स्वतःला विचारा.

रोलची यादी वरून खाली असते आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याचा रोल खाली, तो वरच्या रोलच्या माणसाला किक करू शकत नाही. मॉड कॅप्टनच्या खाली राहिला तर आगाऊ कॅप्टनला आवरता येणार नाही, म्हणून मॉडला ओढून वर न्या.

खोल्या किती

कमी. पंचवीस जणांच्या ग्रुपला पंधरा व्हॉइस चॅनल केले की प्रत्येकात एकेक जण एकटा बसलेला दिसतो आणि सर्व्हर ओसाड वाटतो. माणूस जिथे माणसं दिसतात तिथे जातो. मी अशी मांडणी करीन: एक 'कट्टा', म्हणजे वर म्हटलेली लॉबी, जिथे कुणीही कधीही यावं. दोन किंवा तीन 'स्क्वॉड'. एक 'स्क्रिम', कुलूपबंद. आणि एक 'झोपला', म्हणजे निष्क्रिय माणसांसाठी. चौथा स्क्वॉड रोज जमायला लागला की मग चौथी खोली काढा.

निष्क्रिय चॅनल सर्व्हर सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. किती वेळ शांत राहिल्यावर तिथे पाठवायचं हे १ मिनिटापासून १ तासापर्यंत निवडता येतं. ३० मिनिटं ठीक. रात्री माइक चालू ठेवून झोपलेल्या मित्राचं घोरणं स्क्वॉडमध्ये ऐकण्यापेक्षा हे बरं.

खोलीच्या नावापुढचं दातेरी चाक दाबलं की तीन गोष्टी ठरवायच्या असतात.

पहिली, माणसांची मर्यादा. बीजीएमआयच्या स्क्वॉडला ४, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ ला ५. मर्यादा लावल्याने दारात उभं राहून गप्पा मारणारे आपोआप कट्ट्यावर जातात. इथे एक छोटी सोय आहे: ज्याच्याकडे मूव्ह मेंबर्स आहे तो भरलेल्या खोलीतही शिरू शकतो. त्यामुळे कोच किंवा दुसरा कॅप्टन पाचच्या खोलीत सहावा म्हणून ऐकायला बसू शकतो, मर्यादा वाढवावी लागत नाही.

दुसरी, बिटरेट, म्हणजे आवाजासाठी सेकंदाला किती डेटा जातो ते. मुळात ६४ किलोबिट असतो आणि बूस्ट (पैसे देऊन मिळणारी वाढीव सोय) नसलेल्या सर्व्हरवर ९६ पर्यंत वाढवता येतो. वाढवू नका. डिस्कॉर्ड ओपस नावाचा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) वापरतं आणि बोलण्यासाठी ६४ हा आकडा त्याला भरपूर होतो. वरचे आकडे संगीतासाठी. हिशोब करून पाहा: ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, तासाला साधारण २९ एमबी, तेही एक माणूस अखंड बोलत राहिला तर. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर खेळणाऱ्यालाही हे परवडतं. ज्याचं नेटवर्क अगदीच रडकं आहे अशांसाठी एखादी खोली ३२ वर ठेवा. फरक जाणवेल तो गाण्यात, कॉलआउटमध्ये (खेळताना टीमला दिलेल्या हाकांमध्ये) नाही.

तिसरी, रीजन, म्हणजे आवाज कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून जाणार ते. मुळात तो आपोआप ठरतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. स्क्रिमच्या खोलीला मात्र 'इंडिया' पक्कं करून टाका, म्हणजे बाहेरदेशीचा एखादा मित्र आला म्हणून रीजन भलतीकडे जायची शंकाच राहत नाही. जर्मनीत किंवा दुबईत असलेला तो मित्र भारतातल्या रीजनवर नीट बोलू शकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण स्वाभाविक वाटतं, आणि युरोपातलं चांगलं कनेक्शन या हद्दीत बसतं. गेमचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) ही त्याची वेगळी डोकेदुखी, ती व्हॉइस चॅटने सुटणार नाही.

दोन परवानग्या, ज्यांवरून भांडणं होतात

पहिली 'यूज व्हॉइस ॲक्टिव्हिटी'. ही बंद केली की त्या खोलीत बटण दाबल्याशिवाय कुणाचाच आवाज जात नाही, म्हणजे पुश टू टॉक सक्तीचं होतं. पीसीवरच्या स्पर्धात्मक खोलीत हे वरदान आहे. मेकॅनिकल कीबोर्डची खडखड, कुकरच्या शिट्ट्या, "अरे जेवायला येतोस का" या हाका सगळं बाहेर राहतं. पण हीच परवानगी मोबाइलच्या खोलीत बंद केलीत तर ते बिचारे मुकेच होतात. मोबाइलवर पुश टू टॉकचं बटण डिस्कॉर्डच्या पडद्यावर असतं आणि खेळणाऱ्याच्या पडद्यावर असतो गेम. दोन्ही अंगठे आधीच गुंतलेले. म्हणून पीसीच्या आणि मोबाइलच्या खोल्या वेगळ्या ठेवा आणि ही परवानगी फक्त पीसीच्या खोल्यांवर बंद करा.

दुसरी 'साउंडबोर्ड', म्हणजे तयार आवाज वाजवायची. कट्ट्यावर चालू, बाकी सगळीकडे बंद. क्लच (एकट्याने बाजी लढवणं) चालू असताना कुणीतरी भोंगा वाजवला की मैत्री तुटायची वेळ येते, हे सांगायला नको.

प्रायोरिटी स्पीकर मी वर कॅप्टनला दिला. तो बोलताना बाकीच्यांचा आवाज आपोआप खाली जातो. पण नुसती परवानगी पुरत नाही. कॅप्टनने पीसीवरच्या कीबाइंड्समध्ये 'पुश टू टॉक प्रायोरिटी' असं वेगळं बटण लावावं लागतं, आणि हे न केल्यामुळेच "प्रायोरिटी चालत नाही" अशी ओरड होते.

माइक: इथे वेळ द्या

प्रत्येक मेंबरने हे एकदा बसून करायचं, शक्यतो मॅच नसताना. व्हॉइस सेटिंग्जमध्ये माइक तपासायचं बटण आहे. ते दाबून बोललात की आपलाच आवाज परत ऐकू येतो. बऱ्याच जणांनी तो पहिल्यांदाच ऐकलेला असतो आणि ते ओशाळतात. छान, मग पुढचं काम ते मनापासून करतात.

इनपुट डिव्हाइस 'डीफॉल्ट'वर सोडू नका, नावानिशी हेडसेट निवडा. नाहीतर विंडोज कधीतरी वेबकॅमचा माइक उचलतं आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

हेडसेटचा माइक तोंडासमोर नको. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर, थोडा खाली. समोर धरला की प, फ, भ म्हणताना फुंकर माइकवर बसते आणि ऐकणाऱ्याच्या कानात फटाके फुटतात.

मग संवेदनशीलता. 'ऑटोमॅटिकली डिटरमाइन' बंद करा. पंखा नेहमीच्या वेगावर लावा, कीबोर्डवर थोडं टाइप करा, बोलू नका. पट्टीवर आवाजाची रेघ कुठपर्यंत नाचते ते बघा आणि सीमारेषा त्याच्या जरा वर आणा. आता हळू आवाजात, रात्री अकरा वाजता घरचे झोपलेले असताना बोलता तसं बोला. रेघ सीमेच्या पुढे गेली तर झालं. गेली नाही तर माइक तोंडाजवळ आणा. सीमा खाली नेऊ नका, नाहीतर पुन्हा पंखा आत येईल.

नॉइज सप्रेशनमध्ये 'क्रिस्प' निवडा. पंखा, कुलर, रस्त्यावरचे हॉर्न तो बऱ्यापैकी खातो. पण हळू बोलणाऱ्याचे शब्दही कधी कधी खातो आणि जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ताण टाकतो. गेम अडखळत असेल, म्हणजे फ्रेम पडत असतील, तर 'स्टँडर्ड' वर या. 'ऑटोमॅटिक गेन कंट्रोल' मी बंद ठेवायला सांगतो. तुम्ही गप्प बसलात की हे साहेब आवाज वाढवत नेतात आणि मागचा पंखा हळूहळू पुढे येतो.

पुश टू टॉकचं बटण माउसच्या बाजूला असलेल्या दोनपैकी एका बटणावर लावा. व्हॅलोरंटमध्ये 'व्ही' हे टीम व्हॉइसचं ठरलेलं बटण आहे. तेच डिस्कॉर्डलाही दिलंत तर घरचं बोलणं अनोळखी टीममेटही ऐकेल. बटण सोडल्यानंतरचा विलंब मुळात २० मिलिसेकंदांचा असतो, तो २०० च्या आसपास न्या. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि घाईत बटण आधी सुटलं की नेमका "आलाय" की "गेलाय" तोच तुटतो.

बटण डेस्कटॉपवर चालतं पण गेममध्ये चालत नाही? गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू झालेला असतो आणि डिस्कॉर्ड साध्या वापरकर्त्याच्या हक्काने. विंडोज मग ते बटण डिस्कॉर्डपर्यंत पोचू देत नाही. डिस्कॉर्डही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा.

आता प्रतिध्वनी. खोलीत सगळ्यांना स्वतःचा आवाज परत ऐकू येतोय, एकाला सोडून. तो एक जणच दोषी. त्याच्या स्पीकरमधून तुमचा आवाज बाहेर येतो आणि त्याच्याच माइकमधून परत जातो. त्याला हे कळायचा मार्गच नसतो, म्हणून "माझ्याकडे तर सगळं क्लिअर आहे" असं ठासून सांगणाऱ्याला आधी म्यूट करून बघा.

एखाद्याचा आवाज फारच मोठा असेल तर त्याच्या नावावर राइट क्लिक करून फक्त तुमच्यापुरता कमी करता येतो, लहान असेल तर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. हे ज्याने त्याने करायचं. मॉडला त्रास देऊ नका.

मोबाइलवाल्यांसाठी

ब्लूटूथ इअरबड्स घालून खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: "डिस्कॉर्ड जोडलं की गेमचा आवाज डबड्यातून आल्यासारखा येतो." इअरबड बिघडलेला नसतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन वेगळे मार्ग असतात. एकातून चांगला स्टीरिओ आवाज येतो, पण त्यात माइक नसतो. दुसरा फोन कॉलसाठीचा, त्यात माइक असतो पण आवाज एकसुरी मोनो आणि फार तर १६ किलोहर्ट्झने नमुने घेतलेला. डिस्कॉर्डने माइक उघडला की फोन पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर उडी मारतो. मोनो म्हणजे पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून ते कळणार नाही. बीजीएमआयमध्ये याचा अर्थ तुम्ही मेलात.

उपाय दोन. वायरचा इअरफोन घ्या, कामचलाऊ दोन-तीनशेलाही मिळतो. किंवा कानात ब्लूटूथ ठेवा आणि माइक फोनचा निवडा, फोनवर तशी सोय असेल तर. वायर पीसीला लावणार असाल तर प्लग बघा: फोनच्या इअरफोनवर तीन काळ्या रेघा म्हणजे चार भाग, आणि जुन्या डेस्कटॉपवर हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं. मध्ये वाय-स्प्लिटर लागतो, नाहीतर ऐकू येईल पण बोलता येणार नाही.

बाकीचं पटापट. गेममधला माइक बंद ठेवा, दोन ॲप एकाच माइकवर हक्क सांगायला लागले की एकाचा आवाज गायब होतो. डिस्कॉर्डसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर गेम जड झाला की फोन मागचं ॲप मारून टाकतो. खेळताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. लोन विकणाऱ्यांचे कॉल नेमके शेवटच्या झोनमध्ये येतात आणि कॉल आला की व्हॉइस तुटतो.

आवाज तुटतोय, दोष कुणाचा

आधी कोणाला काय ऐकू येतंय ते विचारा. एकाच माणसाचा आवाज सगळ्यांना तुटक येत असेल तर त्याच्या अपलोडची बाजू खराब. एकाच माणसाला सगळ्यांचे आवाज तुटक येत असतील तर त्याच्या डाउनलोडची. सगळ्यांना सगळेच तुटक येत असतील तर खोलीचा रीजन बदलून परत इंडियावर या.

दोषी माणसाने खाली डावीकडे हिरव्या अक्षरांतल्या 'व्हॉइस कनेक्टेड' वर क्लिक करावं. पिंगचा आलेख आणि किती पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवतायत ते दिसतं. रोबोसारखा आवाज म्हणजे पॅकेट हरवणं. पिंग सतत ६० असला तरी चालतं, पण २० वरून ३०० आणि परत २० असा उड्या मारत असेल तर नाही. घरात कुणाचा फोन फोटो क्लाउडवर चढवत असेल तर हेच होतं. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या, जमलं तर लॅन केबल ओढा.

हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर कनेक्शन नुसतं फिरत राहतं आणि शेवटी 'नो रूट' दिसतं. तिथल्या फायरवॉलने यूडीपी (डेटा पाठवायची एक वेगवान पद्धत) अडवलेलं असतं, आणि डिस्कॉर्डचा आवाज यूडीपीवरून जातो. वॉर्डनशी वाद घालू नका, मोबाइलचा हॉटस्पॉट लावा.

नियम, थोडकेच

नियमांच्या चॅनलमध्ये लांबलचक यादी कुणी वाचत नाही. मॅच चालू असलेल्या खोलीत शिरताना म्यूट होऊन शिरा. आई-बहिणीवरून शिव्या नाहीत, जात-धर्मावरून टोमणे नाहीत. मुलींना आत आल्या आल्या "खरंच मुलगी आहेस का" विचारलं तर टाइमआउट. रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करणार असाल तर आधी सगळ्यांना सांगा, कारण यूट्यूबवर आपला आवाज जाणार आहे हे कळायचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि लहान मुलं असतील तर जास्तच.

मॉडसाठी एक सूचना. २०२४ च्या सप्टेंबरपासून डिस्कॉर्डने व्हॉइस कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली. चांगलंच आहे, पण खोलीत कोण काय बोललं याची नोंद कंपनीकडे मागायला जाता येणार नाही. भांडण झालं की त्याच रात्री मॉडच्या चॅनलमध्ये कोण, कधी, काय आणि साक्षीला कोण एवढं चार ओळींत लिहून ठेवा. कुणाला किक केलं, कुठली परवानगी बदलली हे ऑडिट लॉगमध्ये ४५ दिवस दिसतं.

स्क्रिमची रात्र

मॅचच्या १५ मिनिटं आधी सगळे कट्ट्यावर. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी "ओके" किंवा "पंखा" म्हणायचं. मग कॅप्टन पाचही जणांना उचलून स्क्रिमच्या खोलीत टाकतो. स्क्रिमची खोली प्रायव्हेट ठेवलेली असते आणि कॅप्टनला व त्या टीमच्या वेगळ्या रोललाच उघडी.

कॉलआउटची भाषा आधी ठरवा. "अरे तिकडे आहे, तिकडे, मागे, अरे मारला" याचा कुणालाही उपयोग नाही. आधी कोण, मग कुठे, मग किती लागलं: "जेट, ए मेन, ऐंशी लागलेत." मेलेल्याने एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं. शेवटचा एक जण जिवंत असेल तर फक्त कॅप्टनने बोलायचं, तेही त्याने विचारलं तर. हे सगळ्यात अवघड आहे. प्रेक्षकाला नेहमीच वाटतं की आपल्याला जास्त दिसतंय.

स्वतःचा सर्व्हर हवा असेल तर

शंभर-दीडशे जणांचा ग्रुप आहे, एकाच वेळी सहा टीम लढतायत आणि सगळ्यांच्या कॅप्टनना एकमेकांशीही बोलायचंय, किंवा सगळं एका कंपनीच्या खात्यावर टांगलेलं नको, अशा वेळी मंबल बघा. २००५ पासूनचा हा मुक्त प्रकल्प. ईव्ह ऑनलाइन या गेममधल्या शेकडो जणांच्या लढाया यावर चालत आल्यात. दिसायला जुनाट, ऐकायला लखलखीत.

मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधलं १ जीबी मेमरीचं छोटं भाड्याचं मशीन पुरतं, महिन्याला पाच डॉलरच्या आसपास. त्यावर उबुंटू किंवा डेबियन लिनक्स घ्या, मंबल सर्व्हरचं पॅकेज त्यांच्या भांडारातच आहे. ते चढवल्यावर सुपरयूजरचा (सर्वाधिकाऱ्याचा) पासवर्ड ठरवा. फायरवॉलमध्ये ६४७३८ हे पोर्ट (दार) टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. फक्त टीसीपी उघडलं तरी जोडणी होते, पण आवाज टीसीपीवरून रखडत येतो आणि लोक मंबललाच नावं ठेवतात. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत सर्व्हरचा पासवर्ड आणि माणसांची संख्या भरा, मुळात ती १०० असते.

घरच्या पीसीवर चालवायचा विचार असेल तर आधी राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलंय. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. स्थिर पत्ता विकत घ्या किंवा सरळ भाड्याचं मशीन.

मंबलमध्ये खातं नसतं, प्रत्येकाच्या मशीनवर एक प्रमाणपत्र तयार होतं. तेच त्याची ओळख. विंडोज नव्याने टाकण्याआधी ते बाहेर काढून ठेवायला सांगा, नाहीतर नोंदवलेला मेंबर परका होऊन दारात उभा राहतो. कॅप्टनांसाठी 'शाउट'चं वेगळं बटण लावा: साधं बटण दाबलं की आपल्या टीमला ऐकू जातं, दुसरं दाबलं की सगळ्या कॅप्टनना. अँड्रॉइडवर मम्ला हे ॲप चालतं.

सुपरयूजरचा पासवर्ड दोघांकडे असू द्या आणि रोजच्या कामासाठी तो वापरू नका, एका नोंदवलेल्या मेंबरला ॲडमिन गटात घ्या. चॅनल, नोंदवलेले मेंबर आणि परवानग्या मुळात एकाच डेटाबेस फाइलीत साठतात. ती फाइल अधूनमधून उतरवून घेतलीत तर मशीन बंद पडलं तरी दुसऱ्यावर सगळं तासाभरात परत उभं राहतं.